झोन प्रेस आणि यूसीएलए संघाचे सातत्य : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

अमेरिकन महाविद्यालयीन बास्केटबॉलच्या इतिहासात लॉस एंजेलिस येथील यूसीएलए विद्यापीठाच्या संघाचे स्थान अनन्यसाधारण आहे. १९६३-६४ च्या हंगामात प्रशिक्षक जॉन वुडन यांच्या प्रमुख पाच खेळाडूंपैकी एकही साडेसहा फुटांहून उंच नव्हता. उंचीची ही उणीव भरून काढण्यासाठी साहाय्यक प्रशिक्षक जेरी नॉर्मन यांनी ‘झोन प्रेस’चा आग्रह धरला. प्रतिस्पर्ध्यास संपूर्ण मैदानभर अडवून चुका करावयास भाग पाडणे, हे या बचावपद्धतीचे सूत्र होय. परिणामी संघाने त्या हंगामातील सर्व ३० सामने जिंकले. पुढे १९७५ पर्यंतच्या १२ हंगामांत एकूण १० विजेतेपदे मिळविली. खेळाडू बदलले, डावपेचही बदलले. सरावातील शिस्त मात्र टिकली. श्रेय प्रामुख्याने वुडन यांनाच लाभले. म्हणूनच सातत्याचा इतिहास लिहिताना साहाय्यकांच्या योगदानाची नोंद घेणे अगत्याचे ठरते.