एक आवाज गर्दीचा, एक डीजेचा

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी जळगाव-धुळ्याच्या घराघरांत कानबाईची स्थापना होते आणि सोमवारी विसर्जनाची मिरवणूक निघते. तिच्यापुढे आता पुष्कळदा अहिराणी गाणी लावणारा डीजे असतो. नाचणाऱ्यांना खंड खपत नाही. म्हणून एक गाणे रस्त्यावर गाजत असतानाच पुढच्याची सुरुवात डीजेला हेडफोनवर ऐकून घ्यावी लागते. एकाच वेळी दोन स्वतंत्र आवाज हवेत, ही या धंद्याची मूळ गरज.

ती जुनी आहे. १९७० च्या आसपास न्यूयॉर्कमध्ये फ्रान्सिस ग्रासो दोन तबकड्या बेमालूम जोडत असे. अशा वादनासाठी ॲलेक्स रोझनरने हेडफोनची सोय असलेला मिक्सर बांधला.

संगणकाने ही सोय हिरावली. साध्या लॅपटॉपच्या साउंड कार्डातून एकच स्टिरिओ आवाज निघतो. स्वस्तातला उपाय म्हणजे यूएसबीवर चालणारे दुसरे कार्ड. लिनक्सवर तो शक्य झाला तो यारोस्लाव कीसेला या चेक प्रोग्रामरने १९९८ मध्ये सुरू केलेल्या अल्सा प्रकल्पामुळे. डिसेंबर २००३ च्या २.६ कर्नेलमध्ये अल्साला स्थान मिळाले. त्याआधी २००१ मध्ये मिक्स या फुकट डीजे-प्रणालीचा आरंभ झाला होता, तोही एका पीएच.डी. संशोधनातून! परवान्याचा खर्च नाही, ही गोष्ट तालुक्याच्या गावी क्षुल्लक नव्हे.

पण अल्सा कार्डांना शून्य, एक असे क्रमांक देते आणि संगणक पुन्हा सुरू केल्यावर ते उलटू शकतात. क्रमांकावर विसंबलेल्या डीजेची हेडफोनमधली चाचपणी मग थेट कानबाईपुढे वाजते. म्हणून कार्ड नावाने निवडावे.

दुसरी अडचण खोल आहे. प्रत्येक कार्डाचे घड्याळ वेगळ्या स्फटिकावर चालते. दोघांत दहा लाखांत पन्नास इतकाच फरक धरला, तरी तासाभरात ०.१८ सेकंदाचे अंतर पडते. मिनिटाला १२० ठोक्यांच्या गाण्यात एक ठोका अर्ध्या सेकंदाचा असतो. आवाज तुटतो, नाहीतर ताल सरकतो. जॅक आणि पुढे पाइपवायर यांनी एका कार्डाचे नमुने सतत किंचित ताणून-आखडून दुसऱ्याशी जुळवण्याची युक्ती आणली. चार वाहिन्यांचे एकच कार्ड घेतले, तर घड्याळही एकच राहते. पैसे मात्र अधिक मोजावे लागतात.