कुंपण, शेत आणि प्रश्न विचारणारी समिती



मागच्या व्याख्यानात आपण जॉन लॉकचा मालमत्तेविषयीचा विचार पाहिला. माणूस जमिनीत आपले श्रम मिसळतो, म्हणून ती जमीन त्याची होते, असं लॉक म्हणतो. हा विचार एका देशाच्या कायद्यात उतरला तेव्हा काय घडलं, ते आज पाहू. देश अमेरिका, आणि विषय तिथल्या काँग्रेसच्या सार्वजनिक जमिनींवरील समित्या. विषय रुक्ष वाटेल. पण गावातल्या गायरानाचे वाद ज्यांनी पाहिलेत, त्यांना तो परका वाटणार नाही.

1803 मध्ये अमेरिकेने फ्रान्सकडून लुइझियाना हा अफाट प्रदेश दीड कोटी डॉलरला विकत घेतला. तिथे पिढ्यानपिढ्या राहणाऱ्या आदिवासी राष्ट्रांना कोणी विचारलं नाही. या जमिनीची मोजणी, विक्री, हक्कांचे तंटे, हे सगळं पाहायचं कोणी? 17 डिसेंबर 1805 रोजी प्रतिनिधिगृहाने त्यासाठी कायम समिती नेमली. सिनेटने 1816 मध्ये आपली वेगळी समिती केली. जमीन लवकरात लवकर लोकांच्या हाती द्यायची, हेच तेव्हाचं धोरण होतं.

1862 च्या होमस्टेड कायद्यात लॉक स्पष्ट दिसतो. 160 एकर घ्या, पाच वर्षं राहा, कसा, जमीन तुमची. या कायद्याखाली एकूण सुमारे 27 कोटी एकर जमीन वाटली गेली. अनेक गरीब कुटुंबं उभी राहिली, हे मान्यच करायला हवं. पण जे नांगर धरत नाहीत, शिकार करतात, ऋतूप्रमाणे फिरतात, त्यांचे श्रम ‘श्रम’ ठरलेच नाहीत. तत्त्वज्ञानातली एक व्याख्या अपुरी राहिली आणि तिची किंमत कोणी मोजली, हे लक्षात घ्या.

मग दहाच वर्षांत उलट दिशेचा निर्णय आला. 1 मार्च 1872 च्या कायद्याने यलोस्टोनची वीस लाखांहून अधिक एकर जमीन वसाहतीतून आणि विक्रीतून वगळली गेली. काही जमीन कोणालाच द्यायची नाही, सर्वांसाठी राखायची, हा विचार नवा होता. 1906 चा पुरावशेष कायदाही याच वाटेवरचा. तो पुढे नेणारे आयोवाचे जॉन लेसी त्या वेळी प्रतिनिधिगृहाच्या याच समितीचे अध्यक्ष होते.

पण राखीव म्हणून कागदावर लिहिलं की जमीन राखली जाते का? इथे आपण जरा थांबू.

वायोमिंगमधल्या टीपॉट डोम आणि कॅलिफोर्नियातल्या एल्क हिल्स इथले तेलसाठे नौदलासाठी राखून ठेवलेले होते. 1921 मध्ये राष्ट्राध्यक्ष हार्डिंग यांनी त्यांचा ताबा नौदलाकडून गृहखात्याकडे दिला. तिथलं गृहखातं म्हणजे पोलीस नव्हे, सार्वजनिक जमिनी सांभाळणारं खातं. त्याचे मंत्री न्यू मेक्सिकोचे अल्बर्ट फॉल. फॉलनी स्पर्धात्मक निविदा न मागवता टीपॉट डोम हॅरी सिंक्लेअरच्या कंपनीला आणि एल्क हिल्स एडवर्ड डोहेनीच्या कंपनीला भाडेपट्ट्याने दिलं. आपल्याकडे म्हणतात ना, कुंपणच शेत खातं. तेच झालं.

एप्रिल 1922 मध्ये रॉबर्ट ला फॉलेट यांच्या ठरावावरून सिनेटने चौकशी मंजूर केली. काम आलं सार्वजनिक जमीन समितीकडे, आणि प्रत्यक्षात मोंटानाच्या थॉमस वॉल्श यांच्याकडे. वॉल्श अल्पमतातल्या पक्षाचे. सत्ता, बहुमत, समितीचं अध्यक्षपद, सगळं समोरच्यांचं. कागदांचे ढीग वाचत त्यांनी तयारी केली आणि ऑक्टोबर 1923 मध्ये साक्षी सुरू झाल्या.

वॉल्शनी धागा पकडला तो साधा. फॉल यांच्या रँचवरचा कित्येक वर्षांचा थकलेला कर एकाएकी भरला गेला होता. पैसे आले कुठून? फॉल म्हणाले, एका वृत्तपत्रमालकाने कर्ज दिलं. वॉल्श स्वतः फ्लोरिडाला जाऊन त्या मालकाला भेटले, आणि आपण कर्ज दिलं नाही हे त्याने कबूल केलं. मग जानेवारी 1924 मध्ये डोहेनी स्वतःच समितीपुढे येऊन सांगून गेले की एक लाख डॉलर रोख आपण दिले, आणि आपल्या मुलाने ते काळ्या बॅगेतून नेऊन पोचवले. सिंक्लेअरकडून फॉलना दोन लाखांहून अधिक डॉलरचे सरकारी रोखे मिळाल्याचंही पुढे उघड झालं.

सर्वोच्च न्यायालयाने 1927 मध्ये दोन्ही भाडेपट्टे रद्द ठरवले. लाच घेतल्याबद्दल फॉल 1929 मध्ये दोषी ठरले आणि 1931 मध्ये तुरुंगात गेले. मंत्रिपदावर असताना केलेल्या गुन्ह्यासाठी तुरुंगात गेलेले ते पहिले अमेरिकन मंत्री. गंमत अशी, की तीच लाच देण्याच्या आरोपातून डोहेनी मात्र निर्दोष सुटले! समितीच्या प्रश्नांना उत्तर द्यायला नकार देणाऱ्या सिंक्लेअरला त्या नकाराबद्दल शिक्षा झाली. आणि चौकशी करून साक्षीदाराला हजर करायला लावण्याचा काँग्रेसचा अधिकार 1927 मध्ये न्यायालयाने मान्य केला.

आता आपला प्रश्न. अशा समितीत सभासद कोण असतात? पश्चिमेकडच्या राज्यांचे प्रतिनिधी इथे नेहमीच मोठ्या संख्येने असतात, कारण सार्वजनिक जमिनी तिकडेच आहेत. त्यांना जमिनीची माहिती असते, आणि खाण, गुरं, तेल यांत त्यांच्या मतदारांचा स्वार्थही असतो. ज्याला कळतं त्याचाच हितसंबंध, हा पेच नियम लिहून सुटत नाही. वॉल्शही पश्चिमेचेच होते, खाणींच्या कायद्यातले वकील होते. त्यांना भाडेपट्टे वाचता आले ते त्यामुळेच. आमच्या मते पेच सुटतो, किंवा निदान सैल होतो, तो एका गोष्टीने: प्रश्न उघडपणे विचारले जातात आणि अल्पमतातल्या माणसालाही ते विचारता येतात.

1946 मध्ये आदिवासी व्यवहार, खाणी, सिंचन या समित्या प्रतिनिधिगृहाच्या जमीन समितीत विलीन झाल्या. पुढे नाव अनेकदा बदललं, आज ती नैसर्गिक संसाधन समिती आहे. तिच्या एक सभासद होत्या डेब हालंड, लगुना प्वेब्लो या आदिवासी समाजातल्या. 2021 मध्ये त्या गृहखात्याच्या मंत्री झाल्या. म्हणजे फॉल बसत ते पद, आणि राज्यही तेच, न्यू मेक्सिको. ज्यांच्या श्रमांना 1862 च्या कायद्यात जागा नव्हती, त्यांच्यातली व्यक्ती त्या पदावर यायला इतकी वर्षं गेली. याने झालेला अन्याय पुसला जात नाही. पण लॉकची व्याख्या दुरुस्त करायची असेल तर ती अशा समित्यांच्या टेबलावरही करावी लागते, एवढं तरी दिसतं.

पुढच्या वेळी आपण ‘सर्वांचं’ म्हणजे नेमकं कोणाचं, या प्रश्नाकडे वळू.