अडतीस गोल आणि एक

माझ्या संग्रहात १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकचं एक जर्मन चित्रकार्ड आहे. त्या काळी जर्मनीत सिगारेटच्या पाकिटातून कुपन मिळे. कुपनं साठवून दिली की छायाचित्रांचा संच हाती येई आणि तो अल्बममध्ये चिकटवायचा. माझ्या कार्डावर भारताचा हॉकी सामना आहे. प्रतिस्पर्ध्यांच्या गोलपाशी झुंबड उडाली आहे आणि आपले आघाडीवीर तिथे जमले आहेत. मी मात्र हे कार्ड हाती घेतलं की चौकटीबाहेर उभ्या असलेल्या एका माणसाचा विचार करतो. तो माणूस म्हणजे खडकीचे बाबू निमल.

तेव्हाच्या मांडणीत गोलरक्षकापुढे दोन फुलबॅक, मग तीन हाफबॅक आणि आघाडीला पाच जण असत. अंतिम सामन्यात गोलवर ॲलन होते, फुलबॅक टॅपसेल आणि मोहम्मद हुसेन, तर हाफबॅक निमल, कलन आणि गॅलिबार्डी. निमल उजव्या बाजूला. प्रतिस्पर्ध्याच्या डाव्या बगलेवरचा हल्ला अडवायचा आणि मिळालेला चेंडू पुढे शहाबुद्दीन-दारांकडे पोचवायचा, हे त्या जागेचं काम. छायाचित्रकार गोलपाशी टपून असतो, त्यामुळे हे काम सहसा चित्रात येत नाही.

संघ जूनअखेरीस मुंबईहून ‘रणपुरा’ बोटीने निघाला. आमच्या थळच्या किनाऱ्यावरून मुंबई बंदरात ये-जा करणारी जहाजं दिसतात. पावसाळी समुद्रावर एखादी बोट दिसली की मला हमखास ‘रणपुरा’ आठवते. बर्लिनला पोचल्यावर सराव सामन्यात जर्मनीने भारताला ४-१ असं हरवलं. ध्यानचंद हादरले आणि अली दारांना हिंदुस्थानातून विमानाने बोलावून घेण्यात आलं. दारा आले आणि संघ सावरला, असं बहुतेक ठिकाणी वाचायला मिळतं.

पण जरा हिशेब मांडून पाहू. दारा पोचले ते उपांत्य सामन्याच्या वेळेला. त्याआधी भारताने हंगेरीला ४-०, अमेरिकेला ७-० आणि जपानला ९-० असं हरवलं होतं. दारा आले तेव्हा भारतावर एकही गोल झालेला नव्हता. मग फ्रान्सविरुद्ध १०-०. पावसामुळे एक दिवस लांबलेल्या १५ ऑगस्टच्या अंतिम सामन्यात मध्यंतराला अवघा एक गोल झाला होता; शेवटी निकाल लागला ८-१. एकूण ३८ गोल केले, १ स्वीकारला. जुलैत एका सामन्यात चार गोल खाणाऱ्या संघाने ऑगस्टमध्ये पाच सामन्यांत एकच खाल्ला. याचं श्रेय आघाडीच्या खात्यावर कसं टाकणार?

अडतीस गोलांच्या कथा आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. त्या एका गोलाची कथा, म्हणजे न झालेल्या गोलांची कथा, सांगायची राहून गेली. पुढे महायुद्धामुळे १९४० आणि १९४४ची ऑलिंपिक झालीच नाहीत. निमल यांच्या वाट्याला एकच ऑलिंपिक आलं, आणि त्यात सुवर्णपदक.

त्याच खडकीने नंतर चार ऑलिंपिक खेळलेला धनराज पिल्ले दिला. तो आघाडीचा, म्हणून घराघरात पोचला. खडकीची यादी मात्र निमल यांच्यापासून वाचावी, एवढंच माझं म्हणणं. कार्डासोबत मी एक चिठ्ठी ठेवली आहे. तिच्यावर संघाची अकरा नावं आहेत, गोलरक्षकापासून सुरू होणारी.