नेमणूक गोव्याला, मुक्काम पोर्तुगालात

नेमणूक धडगाव-अक्कलकुव्यात आणि मुक्काम भलतीकडेच, असे साहेब आपण बघतोच. पण मित्रांनो, ही रीत जुनी आहे. १५३३ साली पोप सातव्या क्लेमेंटने गोव्याला बिशपची गादी दिली. हद्द केवढी? आफ्रिकेच्या टोकापासून थेट चीनपर्यंत! पहिलं नाव ठरलं फ्रान्सिस्को द मेलो यांचं. घराणं सरदारी, शिक्षण पॅरिसचं, वर युक्लिडच्या भूमितीवर लिहिणारे गणिती. माणूस हुशार, यात वाद नाही. पण गोव्याला आलेच नाहीत. १५३६ मध्ये तिकडेच वारले. बिशप जुआंव द आल्बुकेर्क गोव्यात उतरले ते १५३८ साली. पाच वर्षं गादी होती, बिशप नव्हता! मला विचाराल तर दोष एकट्या मेलोंचा नाही. नाव राजा सुचवणार, पोप शिक्का मारणार. गोव्याच्या माणसाला त्यात शब्दच नव्हता.