एन-वर्ड

एन-वर्ड ही 'निगर' या इंग्रजी शब्दाचा थेट उच्चार टाळण्यासाठी रूढ झालेली संज्ञा आहे. मूळ शब्द कृष्णवर्णीयांसाठी वापरली जाणारी अत्यंत अपमानास्पद वांशिक शिवी मानला जातो. अमेरिकेतील काही कृष्णवर्णीय मात्र तो आपापसांत जवळीक दर्शवण्यासाठी वापरतात. त्यामुळे हा शब्द कोणी उच्चारावा, हा वाद 'कृष्णवर्णीय कोणाला म्हणावे' या प्रश्नाशी जोडला गेला आहे.

व्युत्पत्ती आणि इतिहास

'काळा' या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून स्पॅनिश व पोर्तुगीज भाषांत 'नेग्रो' हा शब्द आला. इंग्रजीतील 'निग्रो' आणि 'निगर' हे दोन्ही शब्द याच मूळचे आहेत. गुलामगिरीच्या काळात दुसऱ्या शब्दाला तुच्छतेचा अर्थ कायमचा चिकटला. 'निग्रो' मात्र विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सभ्य मानला जाई. डब्ल्यू. ई. बी. डू बॉईस यांनी तो इंग्रजीत मोठ्या आद्याक्षराने लिहिला जावा असा आग्रह धरला होता. १९३० साली न्यूयॉर्क टाइम्सने ही पद्धत स्वीकारली. १९६०च्या दशकातील चळवळींनी 'ब्लॅक' हे नाव अभिमानाने स्वीकारले, तर १९८८ मध्ये जेसी जॅक्सन यांनी 'आफ्रिकन अमेरिकन' या नावाचा पुरस्कार केला. 'एन-वर्ड' ही संज्ञा १९९५ च्या ओ. जे. सिम्पसन खटल्यानंतर सर्वत्र प्रचारात आली.

ओळखीची व्याख्या

कृष्णवर्णीय असणे म्हणजे काय, हे दीर्घकाळ गोऱ्यांच्या कायद्यांनी ठरवले. व्हर्जिनियातील १६६२ च्या कायद्यानुसार अपत्याचा गुलाम किंवा स्वतंत्र हा दर्जा आईवरून ठरे. १८९६ च्या 'प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन' खटल्यातील होमर प्लेसी यांचे आठपैकी सात भाग पूर्वज युरोपीय होते. तरीही त्यांना गोऱ्यांच्या डब्यात बसण्याचा हक्क नाकारला गेला. आफ्रिकी रक्ताचा एक थेंबही पुरेसा मानणारा 'एक थेंब नियम' व्हर्जिनियाच्या १९२४ च्या कायद्यात दिसतो. या कायद्यातील आंतरवंशीय विवाहबंदी सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये रद्द केली.

जनगणनेत पूर्वी प्रगणक वंश नोंदवत असे. १९६० पासून नागरिक स्वतः तो नोंदवू लागले आणि २००० पासून एकाहून अधिक वंश नोंदवण्याची मुभा मिळाली. आई गोरी आणि वडील केनियाचे असलेल्या बराक ओबामा यांनी २०१० च्या जनगणनेत केवळ कृष्णवर्णीय अशी नोंद केली. मिश्रवंशीय, तसेच कॅरिबियन बेटांतून किंवा आफ्रिकेतून अलीकडे आलेल्या कुटुंबांतील व्यक्तींच्या बाबतीत वर्ण, वंशावळ आणि गुलामगिरीचा वारसा यांपैकी निर्णायक काय, यावर मतभेद आहेत.

वापराविषयीची मते

• समर्थन : ज्यांच्यावर हा शब्द लादला गेला, त्यांनीच तो आपलासा केल्यास त्याची धार बोथट होते, असे मानले जाते. रॅप संगीतात तो सर्रास आढळतो.
• विरोध : शब्दातील अवमान कोणाच्याही तोंडी कायम राहतो, असे विरोधक म्हणतात. विनोदकार रिचर्ड प्रायर यांनी केनियाच्या प्रवासानंतर हा शब्द वापरणे सोडले. २००७ मध्ये एनएएसीपी या नागरी हक्क संघटनेने डेट्रॉईट येथे त्याची प्रतीकात्मक अंत्ययात्रा काढली.
• संदर्भानुसार विचार : हार्वर्डचे विधी प्राध्यापक रँडल केनेडी यांनी २००२ च्या पुस्तकात सरसकट बंदीला विरोध करून वक्ता, हेतू आणि प्रसंग पाहावेत, असे मत मांडले.

अमेरिकी राज्यघटनेतील अभिव्यक्तिस्वातंत्र्यामुळे केवळ शब्दोच्चार हा सहसा गुन्हा ठरत नाही. मात्र नोकरीच्या ठिकाणी त्याचा वापर १९६४ च्या नागरी हक्क कायद्याखालील वांशिक छळाचा पुरावा ठरू शकतो.

महाराष्ट्राशी संबंध

महात्मा फुले यांनी 'गुलामगिरी' (१८७३) हा ग्रंथ गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकी लोकांना अर्पण केला. १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथर या संघटनेने अमेरिकेतील ब्लॅक पँथर पक्षापासून प्रेरणा घेतली. इतरांनी दिलेल्या 'हरिजन' या नावाऐवजी 'दलित' ही ओळख स्वीकारण्यामागेही स्वतःचे नाव स्वतः ठरवण्याचा आग्रह होता. जुन्या मराठी लेखनात 'निग्रो' हा शब्द वर्णनात्मक अर्थाने आढळतो. सध्या 'कृष्णवर्णीय' किंवा 'आफ्रिकन अमेरिकन' हे शब्द अधिक वापरले जातात.