कापूस मँचेस्टरला गेला, विद्या माटुंग्यास आली



आर्णीत राहणाऱ्या माणसाला कापूस म्हणजे काय हे सांगण्याची गरज नाही. अरुणावतीच्या आसपासच्या काळ्या जमिनीत आपल्यापैकी कित्येकांच्या आजोबा-पणजोबांनी तो पेरला, वेचला, बंडीत भरला आणि बाजारात नेऊन विकला. विकल्यानंतर तो कोठे जातो आणि त्यातून उभा राहिलेला पैसा पुढे कोणत्या कामी लागतो, याची चौकशी मात्र आपण सहसा करीत नाही. ती चौकशी आज आपण मिळून करू या. कापसाच्या त्या पैशाचा एक ओघ विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत गेलेला आहे आणि आपल्या मुलामुलींच्या शिक्षणाशी त्याचा संबंध आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने यवतमाळ ते मुर्तिजापूर हा अरुंद रुळांचा लोहमार्ग बांधला. पुढे लोक त्या गाडीस प्रेमाने ‘शकुंतला’ म्हणू लागले. गाडी माणसांनाही नेत असे, परंतु ती बांधली कापसासाठी. वऱ्हाडातला कापूस मुर्तिजापुरास मुख्य मार्गावर चढे, तेथून मुंबईस जाई आणि मुंबईहून बोटीने इंग्लंडकडे, मँचेस्टरच्या बाजूच्या गिरण्यांकडे रवाना होई.

त्या मँचेस्टरमध्ये केवळ गिरण्या नव्हत्या. तेथे तंत्रविद्येचे महाविद्यालय होते, विद्यापीठ होते, आणि सूत, रंग, धुलाई यांचे प्रश्न गिरणीतून प्रयोगशाळेत व प्रयोगशाळेतून परत गिरणीत जात असत. तेथे शिकावयास गेलेल्या हिंदी तरुणांत मद्रासकडील एक विद्यार्थी होते, कृष्णस्वामी वेंकटरामन. रंगांच्या रसायनशास्त्रात त्यांनी तेथे डॉक्टरेट मिळविली. त्यांचे नाव लक्षात ठेवा, कारण आपली हकीकत आता मुंबईकडे वळते.

मुंबईच्या गिरण्यांची त्या काळची अडचण अशी, की कापड विणता येत होते, पण त्यावर चढवावयाचा रंग जर्मनी आणि इंग्लंडहून मागवावा लागे, आणि त्या रंगाची विद्या जाणणारा माणूसही तिकडूनच आणावा लागे. दि. १ ऑक्टोबर १९३३ रोजी मुंबई विद्यापीठाने रासायनिक तंत्रविद्येचा स्वतंत्र विभाग सुरू केला, तो या गरजेतून. गिरणीमालक आणि व्यापारी यांनी त्यास देणग्या दिल्या. पहिले प्रमुख फॉर्स्टर नावाचे इंग्रज गृहस्थ होते. १९३८ साली वेंकटरामन संचालक झाले, आणि ते त्या जागी बसलेले पहिले भारतीय. विभाग पुढे माटुंग्यास स्थिर झाला. ‘यू. डी. सी. टी.’ या नावाने जुनी मंडळी ओळखतात ती संस्था हीच. २००८ साली तिला विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि आज ती ‘आय. सी. टी.’ म्हणून ओळखली जाते.

येथे थोडे थांबावेसे वाटते. देणगी देऊन भिंतीवर संगमरवरी पाटी लावणारे दाते आपल्या देशात पुष्कळ झाले. माटुंग्यास जे घडले ते निराळे होते. गिरणीने पैसा दिला, त्याबरोबर आपली अडचणही दिली. हा रंग धुण्यात का उतरतो? सरकीच्या तेलाचे आणखी काय करता येईल? कारखान्यातील जाणती माणसे वर्गावर शिकवावयास येत आणि वर्गातील मुले कारखान्यात पाहावयास जात. वेंकटरामन यांचा कृत्रिम रंगांवरील दोन खंडांचा ग्रंथ १९५२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला आणि जगभरच्या रंगकारखान्यांत वाचला गेला. १९५७ साली ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक झाले. त्याच माटुंग्याचे एक विद्यार्थी मनमोहन शर्मा केंब्रिजला गेले, डँकवर्ट्स यांच्या हाताखाली संशोधन करून १९६४ साली परत आले आणि वयाच्या अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी माटुंग्यास प्राध्यापक झाले. कारखान्यांना सल्ला देणे हे प्राध्यापकास कमीपणाचे नाही, असे ते मानीत. १९९० साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना सभासदत्व दिले.

आपल्या विदर्भातही असाच एक दाता होऊन गेला. कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण हे मँगनीजच्या खाणींचे मालक. १९३० साली ते वारले, तेव्हा त्यांच्या मृत्युपत्रान्वये सुमारे ३५ लाख रुपयांची इस्टेट नागपूर विद्यापीठास मिळाली, आणि तीही उपयोजित विज्ञान व रसायन शिकविण्यासाठी. संस्था मात्र उभी राहिली १९४२ साली. मधली बारा वर्षे गेली! (पैसा असूनही काम अडते, हा अनुभव शिक्षणसंस्था चालविणाऱ्यांस नवा नाही.) तेथे रासायनिक अभियांत्रिकीबरोबर तेलाची तंत्रविद्या शिकविली जाऊ लागली. २०२३ साली तिचे स्वतंत्र विद्यापीठ झाले. आर्णीच्या मुलाला ती मुंबईपेक्षा कितीतरी जवळ आहे, तरी आपल्या किती घरांत तिचे नाव ठाऊक आहे?

स्वातंत्र्यानंतर चित्र बदलले. आता देणारा एकटा दाता नव्हता. दोन देशांची सरकारे आणि संयुक्त राष्ट्रांची युनेस्को ही संस्था एकत्र आली. पवईच्या आय. आय. टी.ची सुरुवात १९५८ च्या जुलैत झाली, ती पवईस नव्हे, तर वरळीस ‘सस्मिरा’च्या इमारतीत, शंभर विद्यार्थ्यांनिशी. ही सस्मिरा म्हणजे कृत्रिम रेशमाच्या गिरण्यांनी स्थापन केलेली संशोधनसंस्था. म्हणजे देशाच्या एवढ्या मोठ्या संस्थेला पहिले छप्पर उद्योगानेच दिले. यंत्रसामग्री आणि शिक्षक युनेस्कोच्या मार्गाने सोव्हिएत रशियाकडून आले. १९५६ ते १९७३ या काळात तिकडून ५९ तज्ज्ञ आणि १४ तंत्रज्ञ येऊन गेले, आणि इकडच्या अध्यापकांना तिकडे शिकण्यासाठी २७ शिष्यवृत्त्या मिळाल्या. इमारती आणि रोजचा खर्च भारत सरकारने सोसला. यंत्रे पुढे जुनी झाली असतील. तिकडे शिकून आलेल्या अध्यापकांनी मात्र पुढच्या पिढ्या शिकविल्या.

आता आपल्या समाजाकडे वळू. अलीगढला जन्मलेले ख्वाजा अब्दुल हमीद बर्लिनला गेले, रसायनशास्त्रात डॉक्टरेट घेऊन आले आणि १९३५ साली त्यांनी मुंबईत ‘सिप्ला’ ही औषधकंपनी काढली. १९३९ साली गांधीजी तिला भेट देऊन गेले. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषद १९४२ साली स्थापन झाली, तिच्या नियामक मंडळावर हमीद साहेबांनी काम केले. कारखानदार असून प्रयोगशाळेच्या घडणीत हात घालणारे ते गृहस्थ होते. बर्लिनला शिकत असताना भेटलेल्या लिथुआनियाच्या एका यहुदी तरुणीशी त्यांनी विवाह केला. त्यांचे चिरंजीव युसूफ हमीद केंब्रिजला लॉर्ड टॉड यांच्याकडे शिकले. २००१ साली एड्सवरील तीन औषधांचा उपचार दिवसाला एका डॉलरहून कमी किमतीत देऊ करून त्यांनी आफ्रिकेतील गरीब रुग्णांसाठी वाट मोकळी केली. पुढे त्यांनी केंब्रिजच्या रसायनशास्त्र विभागास मोठी देणगी दिली आणि २०२० साली त्या विभागास त्यांचे नाव देण्यात आले. एके काळी आपला कापूस इंग्लंडच्या बोटीवर चढत होता. आता मुंबईच्या औषधाचा पैसा इंग्लंडच्या विद्यापीठाला जातो. काळाचा हा फेरा पाहून मौज वाटते.

मुंबईतच हाजी साबू सिद्दीक यांच्या नावाची तंत्रशिक्षण संस्था १९३६ साली उभी राहिली, आणि अंजुमन-इ-इस्लामच्या छत्राखाली १९८४ साली तिच्यासोबत अभियांत्रिकी महाविद्यालय आले. आपल्या समाजाने तंत्रविद्येकडे पाठ फिरविली, असे म्हणणाऱ्यांनी भायखळ्याची ती इमारत एकदा पाहावी.

आजची पद्धत अधिक गुंतागुंतीची आहे. २००८ साली पवईची आय. आय. टी. आणि ऑस्ट्रेलियाचे मोनॅश विद्यापीठ यांनी मिळून एक संशोधन अकादमी स्थापन केली. तेथील संशोधक विद्यार्थ्याला एक मार्गदर्शक इकडचा, एक तिकडचा. तो काही काळ मेलबर्नला राहतो आणि पदवी दोन्ही विद्यापीठांची मिळून घेतो. उद्योगही तीत सामील असून संशोधनाचे प्रश्न आणि पैसा यांत त्यांचा वाटा असतो. ब्रिटन आणि भारत यांच्या २००६ च्या सुमाराच्या शिक्षण-संशोधन योजनेतही सरकारी निधीत शेल, बी. पी. यांसारख्या कंपन्यांनी आपली भर घातली होती.

आणि येथेच पालकांनी सावध होऊन वाचावे. जो पैसा घालतो, तो प्रश्नही आपलाच आणतो. गिरणीमालकाने रंगाचा प्रश्न आणला, कारण त्याला कापड विकावयाचे होते. त्यात वावगे काही नाही. पण कापूस वेचणाऱ्या बाईच्या बोटांचा, फवारणी करणाऱ्या मजुराच्या श्वासाचा प्रश्न कोण आणणार? २०१७ च्या हंगामात आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-मजूर दगावले. ती औषधेही कोठल्या तरी प्रयोगशाळेतच जन्मली होती. त्या प्रयोगशाळेच्या बाकावर आर्णीचा कोणी बसला असता, तर उन्हात, उंच वाढलेल्या पराटीत, तोंडाला नुसते फडके बांधून हे औषध मारले जाईल, एवढे तरी त्याने सांगितले असते.

तेथे पोहोचावयाचे तर वाट खर्चाची आहे, आणि अलीकडे ती अधिक अवघड झाली. अल्पसंख्याक समाजातील संशोधकांसाठी असलेली मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप आणि परदेशी शिक्षणाच्या कर्जावर व्याजाची सवलत देणारी ‘पढो परदेश’ योजना, या दोन्ही केंद्र सरकारने २०२२-२३ पासून बंद केल्या. सर्वांस खुल्या असलेल्या वाटा मात्र आहेत. नागपूर आणि माटुंगा येथे प्रवेश परीक्षेने जाता येते, पुढे ‘गेट’ परीक्षा देऊन संशोधनास जाता येते आणि तेथे विद्यावेतनही मिळते. मधला, दहावी ते पदवी हा टप्पाच आपल्या घरांना जड जातो. मुलगी हुशार असली तरी नागपूरच्या वसतिगृहाचा खर्च ऐकून अब्बा गप्प होतात, हे आपण सर्वांनी पाहिले आहे.

आपल्याकडे मशिदीसाठी, मदरशासाठी, शाळेच्या खोल्यांसाठी लोक हात आखडत नाहीत, आणि ते योग्यच आहे. संस्थेच्या पदाधिकाऱ्यांस आणि आपणां सर्वांस माझी एवढीच सूचना आहे, की पुढील वार्षिक सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर इमारत निधीच्या शेजारी आणखी एक कलम असावे: विज्ञान शाखेतून बारावी झालेल्या एका मुलाचा आणि एका मुलीचा, नागपूर किंवा माटुंगा येथील चार वर्षांचा राहण्या-जेवण्याचा आणि पुस्तकांचा खर्च. लक्ष्मीनारायण यांच्या इस्टेटीला बारा वर्षे लागली. आपली रक्कम लहान आहे, ती येत्या जूनमध्येच कामी लागू शकेल.