रुंदावलेला भांग

परवा इंदापूरहून भाची बारामतीला त्वचेच्या डॉक्टरांकडे आली होती. घरी आल्यावर डोकं पुढे करून म्हणाली, "मामा, बघा की, भांग केवढा रुंद झालाय!" मला तिची आई, माझी थोरली बहीण आठवली. तिचंही असंच झालं होतं. "तेल घालायचा कंटाळा करतेस," असं आई तिला म्हणायची, आणि मीही मान डोलवायचो. माक्याचं तेल झालं, जास्वंद झाली. ताईने मग डोक्यावरचा पदर कधी ढळू दिला नाही. १९८६ साली ती गेली.

आपण तिला वेळीच औषध दिलं नाही, ही खंत मला होती. पण इतिहास काय सांगतो? मिनॉक्सिडिल ही मुळात रक्तदाबाची गोळी. ती घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले, तेव्हा डॉक्टरांना ही कल्पना सुचली. डोक्याला लावायचं औषध म्हणून अमेरिकेत ते १९८८ साली पुरुषांसाठी आणि १९९१ साली स्त्रियांसाठी मंजूर झालं. फिनास्टेराइडची गोळी १९९७ सालची, तीही पुरुषांसाठी. म्हणजे ताईसाठी औषध नव्हतंच.

मात्र १९७७ सालीच लुडविग नावाच्या डॉक्टरांनी स्त्रियांच्या या केसगळतीच्या तीन पायऱ्या मांडल्या होत्या. कपाळावरची रेघ टिकते, भांग रुंदावतो. दोष तेलाचा नव्हता, ताईचा तर नव्हताच.

भाचीला डॉक्टरांनी मिनॉक्सिडिल दिलंय. सुरुवातीला केस जास्त गळतील, धीर धरा; थांबवलं तर फायदा टिकणार नाही, असंही सांगितलंय. मी एवढंच म्हणालो, "बाळ, यात तुझी काही चूक नाही."

हे वाक्य मात्र १९८६ च्या आधीही बोलता आलं असतं.